बघण्याचा एक दिवस

आबा,

माझं काम आता खुर्चीवर बसून करायचं आहे. हायवेच्या कडेला एक तीन मजली खासगी हॉस्पिटल आहे. तळमजल्यावर औषधांच्या दुकानाला लागून एक काचेची खिडकी आहे, तिच्यावर 'विमा विभाग' अशी पाटी आहे, आणि त्या खिडकीच्या आत मी असते. तुम्ही होता तेव्हा मी वॉर्डात होते, पांढऱ्या कपड्यांत. पुढे गुडघे गेले, आणि कागद नीट वाचते म्हणून मला खाली आणून बसवलं. विमा असलेला पेशंट भरती झाला की त्याची फाइल माझ्याकडे येते. डॉक्टरांनी काय लिहिलं, सिस्टरनी काय लिहिलं, रक्तात काय निघालं, हे सगळं मी कॉम्प्युटरवरून कंपनीला पाठवते. कंपनी प्रश्न विचारते, मी उत्तरं देते. मग कंपनी काही दिवस मंजूर करते, काही करत नाही. तुम्हाला हे समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली असती. तुम्ही विचारलं असतं, "मंजी पेशंट कुनाचा, डाक्टरचा का कंपनीचा?" आणि मी हसून चहा टाकायला आत गेले असते.

कंपनीच्या नकारांमध्ये एक वाक्य सारखं येतं. ते इंग्रजीत असतं. त्याचा अर्थ असा, की रुग्णाला केवळ निरीक्षणासाठी ठेवलं होतं, त्या काळात प्रत्यक्ष उपचार झाले नाहीत, त्यामुळे त्या दिवसाचा खर्च देता येणार नाही. सलाईन चालू असेल तर तो उपचार. इंजेक्शन दिलं तर तो उपचार. सिस्टर दर दोन तासांनी आली, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं, नाव विचारलं, आज वार कोणता ते विचारलं, घाम आला आहे का ते कपाळावर हात ठेवून पाहिलं, आणि सगळं ठीक आहे असं लिहून गेली, तर तो उपचार नाही. नातेवाइकांना मी ते वाक्य मराठीत सांगते. नुसतं बघायला ठेवलं होतं, म्हणून मिळत नाही. लोकांना ते लगेच पटतं. शिनोलीचा एक माणूस मला म्हणाला होता, "बराबर हाय की ताई. बघायला काय, आमी घरी पन बघू." त्याच्या भावाच्या डोक्याला मार लागलेला होता. त्याला काय बघायचं ते माहीत नव्हतं, आणि तो ते मला विचारतही नव्हता.

तुम्ही बघत बसायचा. तुमचं ते बसणं मला गेल्या काही दिवसांत वारंवार दिसतं. आळ्याच्या शिवारात मेंढरं बसवली आहेत. कांदा निघून गेलेला आहे, रान मोकळं आहे, मालकाला लेंडीखत हवं आहे म्हणून त्यानं आपल्याला बोलावलं आहे. मी नऊ-दहा वर्षांची. वाघरीच्या जाळीत सगळी मेंढरं, आणि जाळीबाहेर, बाभळीला, एक मेंढी वेगळी बांधलेली. आदल्या दिवशी ती आडवी पडली होती. तुम्ही तिला काहीतरी उगाळून पाजलं आणि ती उठली. उठलेलं जनावर तुम्ही लगेच कळपात सोडत नव्हता. दोन पाणी बघायचा. त्यानं आपल्या तहानेनं, कुणी तोंडाशी भांडं न धरता, एकदा प्यावं. मग बसून रवंथ करावा. मग पुन्हा एकदा प्यावं. तोवर ते बाभळीपाशी, आणि तुम्ही किंवा मी त्याच्यापाशी. मधल्या वेळात तुम्ही काही करत नव्हता. अधूनमधून कान हातात धरून गार आहे का ते बघायचा, पापणी उलटून आतला रंग बघायचा, आणि परत उकिडवे बसायचा. शेताचा मालक तंबाखू मळत बांधावर येतो.

"काय पावणं, सकाळधरनं मेंढीवर नजर लावून बसलाय. लगीन जमवायचंय का तिचं?"

"जमलंय. नवरा वाघरीत हाय."

"औशिद तरी द्या राव तिला कायतरी."

"दिलंय काल. उठली बी."

"मग सोडा की. उठली मंजी बरी झाली."

"उठली मंजी उठली. बरी झाली का त्ये बघतोय."

"बघून काय व्हतंय पन?"

तुम्ही त्याच्या हातातली चिमूटभर तंबाखू घेतली, दाढेखाली धरली आणि म्हणालात, "न्हाई बघितलं तर काय व्हतंय, त्ये तुमाला दावलं असतं. पर त्यापायी मेंढी घालवावी लागंल." तो हसला. तुम्ही हसला नाहीत.

ते मीच एकदा दाखवलं. पुढच्या वर्षी घोडेगावच्या पलीकडे, शिनोलीच्या रस्त्याला. मुक्काम हलायचा होता, तुम्ही पुढे रान बघायला गेला होता, आणि आजारातून उठलेली एक मेंढी माझ्या ताब्यात होती. तिचं एक पाणी झालं होतं. दुसरं व्हायचं होतं. कळप निघाला तशी ती दोरीला हिसके देऊन ओरडायला लागली, थांबेचना. डोळे चांगले दिसत होते, पाय टेकत होती. मी दोरी सोडली. ती धावत जाऊन कळपात शिरली तेव्हा मला आनंद झाला होता, हे मला अजून आठवतं. चढाला ती मागे पडली. मग रस्त्याच्या कडेला बसली. मग मान टाकली. तुम्ही परत आलात, बघितलंत, तिला खांद्यावर घेतलंत आणि पुढच्या मुक्कामापर्यंत नेलंत. संध्याकाळी जेवायला बसल्यावर आई म्हणाली, पोरीला काही बोलू नका. तुम्ही भाकरी मोडत विचारलंत, "वरडत व्हती म्हनून सोडलीस ना?" मी व्हय म्हणाले. "समदी वरडत्यात. जनावराला कळपातच जायाचं असतं. मरायला टेकलं तरी कळपातच जायाचं असतं. त्येचं आयकायचं न्हाई. आपल्याला कळतंय म्हनून तर दोरी आपल्या हातात हाय." त्यानंतर तुम्ही त्या मेंढीचा विषय कधीच काढला नाहीत. मला दोन-चार फटके हवे होते. ते मिळाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

नर्सिंगला लागले त्या वर्षी तुम्ही मला बघायला वॉर्डात आलात. डोक्याला लाल पटका, हातात काठी, ती दारावरच्या शिपायानं ठेवून घेतलेली. मी एका बाईजवळ उभी होते, तिचं ऑपरेशन होऊन काही तास झाले होते, आणि मला दर पंधरा मिनिटांनी तिची नाडी बघायची होती. तुम्ही पाऊण तास भिंतीला टेकून सगळं बघत होता. बाहेर आल्यावर म्हणालात, "काम आपलंच हाय की." आणि मग, "पर उभं ऱ्हाऊन का करत्यात?" पुढच्या खेपेला तुम्ही एक बुटकं स्टूल घेऊन आलात. लाकडी पाय, वर सुतळीची वीण. लोणीच्या सुताराकडून करून घेतलं होतं आणि एसटीच्या टपावरून आणलं होतं. मेट्रनबाईंनी ते वॉर्डात ठेवू दिलं नाही. सिस्टर बसलेली दिसली तर पेशंटना काय वाटेल, असं त्या म्हणाल्या. ते मी कपडे बदलायच्या खोलीत ठेवलं. तुम्हाला सांगितलं, वापरते. वापरलं नाही. तुम्ही गेलात तेव्हाही मी ड्युटीवर होते, कुणा दुसऱ्याच्या वडिलांजवळ उभी.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण एक बाई आहे. जुन्नरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. मूळचे राजस्थानचे, पण इतक्या पिढ्या इथे झाल्या की आजी तुमच्याआमच्यासारखंच बोलायच्या. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची, साखरेचा आजार जुना. त्यांचं पर्युषण चालू होतं. त्यांनी ओळीनं तीन उपवास धरले होते. आपल्यासारखा साबुदाण्याचा उपवास नाही हा. दिवसा फक्त उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही, आणि सूर्य मावळला की पाणीही नाही. साखरेची गोळी मात्र त्या रोज सकाळी त्या पाण्याबरोबर घेत होत्या. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बजावलेलं होतं, की काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही. त्यांनी ती चुकवली नाही. पोटात अन्न नाही आणि वर साखर उतरवणारी गोळी. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवचनात बसल्या बसल्या त्या कलंडल्या. सूनबाई त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आल्या. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत आजींनी डोळे उघडले.

मी सह्या घ्यायला वर गेले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि हाताला लावलेल्या नळीकडे बघत होत्या. "काय ग," मला म्हणाल्या, "ह्यानं माझा उपवास मोडला का?"

सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मम्मी, जीव वाचलाय तुमचा. उपवासाचं काय घेऊन बसलात!"

"तुला नाही विचारलं. ह्या ताईला विचारलं. तोंडातून नाही गेलं, सुईतून गेलं. ते खाल्लं कसं होईल?"

मी म्हणाले, "आजी, ते मला नाही सांगता येणार. विमा कंपनीला विचारून बघते."

त्या इतक्या हसल्या की नळी हलली. मग मला गाव विचारलं. लोणी म्हटल्यावर म्हणाल्या, "लोणीचे धनगर आमच्याकडे पटके घ्यायला यायचे. माझे सासरे गजानं मोजून द्यायचे. तरी तुमची माणसं आपल्या हातानं पुन्हा मोजायची, आणि वर वीतभर मागायची." तुम्ही पटका कुठून आणायचा, मला माहीत नाही. घोडेगावहून असेल. पण मी म्हणाले, माझे वडील मागत असतील वीतभर. त्या म्हणाल्या, "मागू दे. डोक्याला लागतं तेवढं लागतंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लुकोज बंद केलं. साखर ठीक होती. दोन तासांनी पुन्हा ठीक होती. डॉक्टर तरुण आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातून अलीकडेच आलेले. त्यांनी मला वरून फोन केला. म्हणाले, "ताई, आजींची किडनी थोडी मंद आहे. ती गोळी अंगातून लवकर निघत नाही. आता बऱ्या दिसतात, पण शुगर परत खाली येऊ शकते. उद्यापर्यंत बघू या. एक दिवस वाढवून घ्या." मी बरं म्हणाले. आदल्या रात्रीची सिस्टरची नोंद माझ्यासमोरच पडलेली होती. तिच्यात एक ओळ होती: संध्याकाळचे जेवण घेतले नाही. ती ओळ मी वाचली होती. वर जाऊन विचारायची गरज नव्हती. मी इतकी वर्षं या बाजूला राहते. पेठेतली ही घरं दिवस मावळायच्या आत जेवतात. आजींचा उपवास त्या दिवशी सकाळी सुटलेला होता. सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालणं हा त्यांच्या लेखी उपवासच नव्हता, ती रोजची रीत होती. म्हणून कुणी विचारलं असतं, उपवास आहे का, तर त्या खरंच नाही म्हणाल्या असत्या. आदल्या रात्री त्यांना शिरेतून साखर मिळत होती. आजच्या रात्री मिळणार नव्हती.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी डॉक्टरांना फोन केला. "सर, कंपनी नाही म्हणते."

"कारण?"

"नेहमीचंच. ड्रिप बंद आहे. निरीक्षण."

ते म्हणाले, "घरचे स्वतः भरतील का, विचारून बघा."

मी वर गेले. सूनबाई लगेच तयार झाल्या. "पैशांचं काही नाही हो ताई. एका दिवसाचं तर आहे." पण आजींनी मान वर केली. "कंपनी नाही म्हणाली म्हणजे? तिथं पण डॉक्टर असतात ना?"

मी म्हणाले, "असतात."

"त्यांनी माझे कागद बघितले?"

मी म्हणाले, "त्यांच्याकडे जातात कागद."

"मग झालं तर. मोठे डॉक्टर म्हणतात गरज नाही, तर मी इथं कशाला अडवून बसू? दुसऱ्या कुणाला खाट मिळेल. उद्या संवत्सरी आहे. वर्षभरात मी कुणाकुणाला टाकून बोलले असेन, सगळ्यांची माफी मागायचीय मला. ह्या सूनबाईचीच यादी मोठी आहे." सूनबाई म्हणाल्या, "माझी राहू दे, मम्मी. झोपून राहा एक दिवस." पण आजींनी पाय खाटेखाली सोडले होते आणि त्या चपला शोधत होत्या. त्या घरी जायला आतुर होत्या, आबा. त्यांना थांबवायला एकच गोष्ट लागत होती, ती म्हणजे कुणी ठामपणे सांगणं की अजून धोका आहे. डॉक्टरांनी ते सांगितलं होतं. पण कंपनीतल्या न दिसणाऱ्या मोठ्या डॉक्टरपुढे ते हलके पडले. आणि तो मोठा डॉक्टर त्यांच्या खाटेपर्यंत मी आणून उभा केला होता.

कागद तयार करायला त्या दोघी माझ्या खिडकीशी आल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं: ती गोळी बंद, उपवास करू नये, वेळेवर जेवण, सकाळी रक्त तपासावं. सूनबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "नाही करत उद्या उपवास. वचन देते. आणि आज सूर्य मावळायच्या आत पोटभर जेवते, बास?" हे त्या माझ्यापासून हातभर अंतरावर म्हणाल्या. मी कागदांना टाचणी मारत होते. मी म्हणू शकले असते, आजी, आज रात्री झोपताना दूध घ्या, पहाटे एकदा उठून काहीतरी खा, देव रागावणार नाही, आणि नसेल जमत तर आजची रात्र इथेच राहा. एवढं बोलायला जितका वेळ लागतो तितकाच टाचणी मारायला लागतो. मनात आलं, डॉक्टरांनी सांगितलं आहे, त्यांचं काम ते करतात. मागे दोन माणसं रांगेत उभी होती. आजींनी खिडकीतून हात आत घालून माझ्या हातावर थोपटलं आणि त्या निघून गेल्या. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, सूर्यास्ताआधी पोटभर जेवल्या. हे सूनबाईंनी नंतर डॉक्टरांना पुन्हापुन्हा सांगितलं, जणू कुणीतरी त्यांच्यावर आळ घेतला होता.

सकाळी सात वाजता मी पंचिंग करत होते तेव्हा गाडी आली. सूनबाई सहाला गरम पाणी घेऊन खोलीत गेल्या होत्या. आजींची उशी घामानं भिजलेली होती, आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हते. मशीनवर आकडाच आला नाही, इतकी साखर उतरलेली होती. किती वेळ उतरलेली होती, ते कुणाला माहीत नाही. कारण त्या वेळात कुणी बघत नव्हतं. साखर वर आणायला वेळ लागला नाही, पण या वेळी त्या दहा मिनिटांत उठल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी फाइल उघडली आणि कंपनीला पाठवली. आयसीयू, श्वासाची नळी, शिरेतून औषधं. तासाभरात मंजुरी आली. पुढे एकेक दिवस वाढवत गेले तसा तोही मिळत गेला, एकही प्रश्न न विचारता. आता त्यात उपचार होता.

त्या आता घरी आहेत. डोळे उघडे असतात, भरवलं तर गिळतात. उजव्या हाताची बोटं अंगठ्यावरून सरकत राहतात, माळ ओढावी तशी. सुनेकडे बघतात, पण हाक मारत नाहीत. हे मला वॉर्डातल्या सिस्टरकडून कळतं. ती सुट्टीच्या दिवशी त्यांची लघवीची नळी बदलायला जाते. मी गेलेले नाही.

त्यांना परत आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट अजून सांगायची आहे. सूनबाई आयसीयूच्या दारातून उठल्या आणि हात जोडून एकेकाकडे जायला लागल्या. आधी सिस्टरकडे, मग झाडूवाल्या मावशींकडे, औषधाच्या दुकानात, गेटवरच्या वॉचमनकडे. शेवटी माझ्या खिडकीशी आल्या. खिडकी ठेंगणी आहे, बोलायला वाकावं लागतं. त्या वाकल्या. डोळे सुजलेले होते. "ताई, मम्मी दरवर्षी दुकानापासून चौकापर्यंत सगळ्यांना म्हणून यायच्या. यंदा त्यांच्या वतीनं मी म्हणतेय. आमच्याकडून कळत-नकळत काही चुकलं असेल, तुमचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्." त्यांच्यात रीत अशी आहे, की समोरच्यानंही तेच उलट म्हणायचं. आपल्या माणसांना ते शब्द येत नाहीत, पण मतलब कळतो. वॉचमनला मी स्वतः ऐकलं होतं, टोपी काढून म्हणत होता, "आमचं बी काय चुकलं आसंल तर माफ करा, भाभी." मला ते शब्द येत होते. मी म्हणाले, "असू द्या हो, तुमचं काय चुकायचंय." त्या काही क्षण तशाच वाकून उभ्या राहिल्या. वाट बघत होत्या की नाही, सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, ताई. कंपनीच नाही म्हणाली." मी मान हलवली.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग त्या माणसालाही कळलं असतं. आता तुम्ही नाही, त्यामुळे हे लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. इतकी पानं झाली आणि जे लिहायला बसले ते अजून लिहिलेलं नाही.

त्या दुपारी डॉक्टरांचा फोन आल्यावर मी कॉम्प्युटरवर वाढीव दिवसाचा अर्ज उघडला. आजींचं नाव टाकलं, वय टाकलं. पुढे कारणाची जागा होती. मी 'निरीक्षण' असं इंग्रजीत लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत राहिले. त्या महिन्यात माझे बरेच अर्ज परत आले होते, आणि हॉस्पिटलच्या साहेबांनी त्यावरून मला बोलावून घेतलं होतं. हाही परत येणार हे मला माहीत होतं. मी तो शब्द खोडला, अर्ज बंद केला आणि डबा खायला गेले. कंपनी नाही म्हणाली नव्हती, आबा. मी विचारलंच नव्हतं.